नीलाकाकूंचा लॅपटॉपमधला आवाज

तलवाड्यात आमच्या घराच्या भिंतीला लागून पंचाक्षरीअप्पांचं दुकान आहे. अप्पांचं म्हणायचं ते पाटीवरच्या नावापुरतं. गल्ल्यावर बसायच्या त्या नीलाकाकू. पुढं किराणा, आतल्या खोलीत बांगड्या आणि पूजेचं सामान. साखर घ्यायला आलेली बाई बांगड्या भरून गेली पाहिजे असा काकूंचा हिशोब, आणि ती जायचीही. कारण काकू बोलत राहायच्या. कुणाच्या सुनेला कितवा महिना आहे, कुणाचा कापूस भिजला, कुणाच्या जावयानं गेवराईला प्लॉट घेतला, हे सगळं त्या दुकानात कळायचं. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज दिवसभर आमच्या स्वयंपाकघरात यायचा. मला कधी त्याचा त्रास वाटला नाही. घरात रेडिओ असावा तसं वाटायचं.

मग तो आवाज बसला. थंडीनं बसला असेल म्हणून त्यांनी आधी हळद-दूध घेतलं, मग गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या. शेवटी संभाजीनगरला नेलं तेव्हा घशात कॅन्सर निघाला. लहानपणापासून दाताला मिश्री लावायची सवय होती. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि गळ्याखाली श्वासासाठी एक भोक ठेवलं. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं गळ्यात असलेलं इष्टलिंग त्या जागेवर घासायचं म्हणून काकूंनी ते दंडाला बांधलं. घरी आल्या आणि पहिल्याच दिवशी गल्ल्यावर बसल्या. गिऱ्हाईक आलं, काकूंनी तोंड उघडलं, ओठ हलले, आणि काहीच बाहेर आलं नाही. अप्पा सांगतात, तेवढं झाल्यावर त्या आत गेल्या आणि दोन दिवस बाहेर आल्या नाहीत.

त्यांचा मुलगा अमरनाथ पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीला तो आला तो आपला जुना लॅपटॉप घेऊन. त्याच्यावर विंडोज चालताना दमायचं म्हणून त्यानं लिनक्स टाकलं होतं आणि आईसाठी एक छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. मराठीत टाइप करायचं, एंटर दाबलं की लॅपटॉप ते बोलणार. पहिल्यांदा बोलला तेव्हा एखादा सरकारी माणूस सूचना वाचतोय असं वाटलं. मग अमरनाथनं दोन पट्ट्या दाखवल्या. एक सरकवली की आवाज जाड किंवा बारीक व्हायचा, दुसरी सरकवली की भरभर किंवा सावकाश. मायलेक दुपारभर त्या पट्ट्या मागंपुढं करत बसले होते. तो सरकवायचा, काकू मान हलवायच्या, नाही. पुन्हा सरकवायचा, पुन्हा नाही. एकदा काकूंनी त्याच्या हातावर पटकन हात ठेवला. थांब, हाच. तो आवाज काकूंच्या जुन्या आवाजासारखा होता असं मी म्हणणार नाही. पण त्यात त्यांची घाई होती, आणि वाक्याच्या शेवटी थोडं वर जाणं होतं.

त्यानंतर दुकान पुन्हा चालू झालं. काकू कडधान्य पुड्यांत बांधता बांधता एका हातानं टाइप करायच्या आणि लॅपटॉप म्हणायचा, "तूरडाळ नवी आलीये, जुनी नको नेऊस." बायका आधी हसल्या, मग त्यांना सवय झाली. भिंतीपलीकडून आमच्याकडं पुन्हा आवाज यायला लागला.

पण काकूंना तो लॅपटॉप खरा लागायचा तो आईसाठी. त्यांची आई छबुबाई पाटोद्याला राहते, काकूंच्या भावजयीपाशी, शिवकन्येपाशी. म्हातारीचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले. तिला लिहून दाखवता येत नाही आणि काकूंना बोलता येत नाही. संध्याकाळी दिवा लावला की काकू अप्पांचा बटणाचा फोन स्पीकरवर टाकून लॅपटॉपसमोर ठेवायच्या. पलीकडं शिवकन्या म्हाताऱ्या सासूच्या कानाला फोन लावायची. मग लॅपटॉप बोलायचा, आई बोलायची, लॅपटॉप बोलायचा.

यात अप्पांनी एक गोष्ट केली होती. मशीन बोलतंय हे म्हातारीला सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी नीलाच्या घशात एक यंत्र बसवलंय, त्यामुळं आवाज बदललाय, एवढंच सांगितलं. म्हातारीला घोर लागू नये हाच त्यांचा हेतू. तिनं ते मानलं. म्हणायची, "पत्र्यावानी आवाज झाला गं तुझा, पण बोलतीस हेच लई हाय." हळूहळू तिच्यासाठी तोच नीलाचा आवाज झाला. पुढच्या दिवाळीला काकू पाटोद्याला गेल्या तेव्हा लॅपटॉप मांडीवर घेऊन आईला चिकटून बसल्या, आणि तेव्हाही म्हातारीला काही वेगळं वाटलं नाही.

गेल्या वर्षी संक्रांत होऊन गेली होती. बांगड्यांची गर्दी ओसरली होती. त्या दिवशी सकाळी लॅपटॉपवर अपडेट आलं. अमरनाथनं शिकवलं होतं तसं काकूंनी होकाराचं बटण दाबलं. लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालू झाला. काकूंनी टाइप केलं, एंटर दाबलं. अक्षरं दिसली, आवाज आला नाही.

आवाज गेला तर काय करायचं हेही अमरनाथनं शिकवून ठेवलं होतं. सेटिंगची खिडकी उघडायची, डाव्या हाताच्या यादीतून आवाजाचं पान काढायचं, आणि आवाज कुठून बाहेर पडायला हवा ते निवडायचं. काकूंनी सेटिंग उघडलं. आवाजाच्या पानावर गेल्या. खिडकी उघडली, अर्धी भरली आणि तशीच राहिली. बाण हलत होता, पण कुठंच टेकत नव्हता. थोड्या वेळानं सगळी खिडकी राखेसारखी फिकट झाली आणि मधोमध सूचना आली की सेटिंग प्रतिसाद देत नाही, थांबायचं की बंद करायचं. काकू थांबल्या. परत तीच सूचना. त्यांनी बंद केलं. पुन्हा उघडलं तर सेटिंग थेट त्याच पानावर उघडलं आणि तिथंच अडकलं. मागं जायला वाव नाही, दुसऱ्या पानावर जायला वाव नाही. ज्या खोलीत माणूस कोंडला त्याच खोलीत दार उघडायचं, असा तो प्रकार. त्यांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. काही फरक नाही.

अमरनाथला फोन लागला तो दुपारी, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. आता अडचण अशी की ज्या बाईला लॅपटॉप वापरता येतो तिला फोनवर बोलता येत नाही, आणि ज्या माणसाला बोलता येतं त्याला लॅपटॉपमधलं काही कळत नाही. अप्पांचं इंग्रजी म्हणजे पोत्यांवरचे छाप वाचून आलेलं. तरी दोघांनी मिळून केलं. अप्पा पडद्यावर दिसेल ते अक्षर-अक्षर सांगायचे, अमरनाथ तिकडून सांगेल ते काकू टाइप करायच्या.

अमरनाथनं आधी काळी खिडकी उघडायला लावली. तिच्यात नुसती अक्षरं असतात, चित्रं नसतात. म्हणाला, "आतमध्ये सेटिंगचा प्रोग्रॅम अडकून पडलाय, तो आधी मारायचा. लिहा, के, आय, एल, एल."

अप्पा म्हणाले, "मारायचा म्हणजे? तिचा आवाज त्याच्यातच हाय ना?"

"आवाजाला काही होत नाही अप्पा. फक्त ती खिडकी बंद करायची."

काकूंनी लिहिलं. मधली आडवी रेघ राहिली, मग रेघ दिली तर जागा जास्त सुटली. दर वेळी काळ्या खिडकीत इंग्रजीत एक ओळ यायची आणि अप्पा ती सुरुवातीपासून वाचून दाखवायचे. त्यांना वाटायचं त्या ओळीत उत्तर आहे. अमरनाथ म्हणायचा, अप्पा, चूक झाली एवढंच ते सांगतंय, परत लिहा. एका ठिकाणी पासवर्ड मागितला. काकूंनी तो टाइप केला पण अक्षरं उमटलीच नाहीत, ठिपकासुद्धा नाही. काकूंनी घाबरून अप्पांकडं बघितलं. अप्पा फोनमध्ये म्हणाले की आता बटणंही गेली. अमरनाथनं समजावलं की पासवर्ड तिथं दिसत नसतो, तसंच लिहीत राहायचं. तोवर त्याची सुट्टी संपली. आपल्या कॉम्प्युटरवरून तलवाड्याच्या लॅपटॉपमध्ये शिरायचा प्रयत्नही त्यानं केला, पण काकूंच्या टचच्या मोबाईलवरून लॅपटॉपला मिळणारं नेट मधेच तुटायचं आणि चित्र थिजायचं.

त्या संध्याकाळी अप्पांनी म्हातारीला सांगितलं की नीलाचा घसा धरलाय.

दुसऱ्या दिवशी अमरनाथला वाटलं, तोवर काकूंच्या मोबाईलवरच एक बोलणारं अॅप टाकू. बाजारात असतात तशी. टाकलं. संध्याकाळी काकूंनी मोबाईलवर लिहिलं, अप्पांच्या फोनसमोर धरलं. त्यातली बाई गोड आवाजात, प्रत्येक अक्षर स्वच्छ म्हणत बोलली, "आई, जेवलीस का?"

पलीकडून म्हातारी म्हणाली, "कोण बोलतंय?"

काकूंनी लिहिलं, ती बाई म्हणाली, "मी नीला."

"नीला कुठंय?" म्हातारीनं विचारलं. आणि शिवकन्येला फोन बंद करायला लावला.

तिथून सगळं बिघडलं. म्हाताऱ्या आणि आंधळ्या माणसाच्या मनात एकदा एखादी गोष्ट बसली की तिला बाहेर काढायला कुणाकडं पुरावा नसतो. छबुबाईच्या मनात बसलं की नीला गेली. सगळे मिळून आपल्यापासून लपवतायत आणि तिच्या जागी कुणा बाईला बोलायला लावतायत. शिवकन्येनं फोन करून अप्पांना सांगितलं, "दाजी, आत्या जेवत न्हाईत. भाकरी पुढं ठेवली तर हात लावून परत सारतेत. म्हणत्यात, मला आंधळीला फसवू नका, दिवस कधी घातले ते तरी सांगा."

अप्पांनी ठरवलं की आता खरं सांगून टाकायचं. फोनवर म्हातारीला त्यांनी सगळं सांगितलं. मामी, नीला ऑपरेशनपासून बोलूच शकत नाही, तो आवाज मशीनचा होता, ते मशीन बिघडलंय, नीला माझ्या शेजारी बसलीये. काकू खरंच शेजारी बसल्या होत्या. फोनजवळ गळा नेऊन श्वास टाकत होत्या, जणू श्वासावरून आई ओळखेल. त्यांच्या गळ्यातल्या भोकातून येणारा तो फस्स आवाज फोनमध्ये गेला असेल तर म्हातारीला वाऱ्यासारखा वाटला असेल.

म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी ती तवाच गेली का? ऑपरेशनातच? मग दिवाळीला माझ्यापाशी येऊन बोलली ती कोण व्हती?"

अप्पांनी नुसतं मामी, मामी केलं. काकू उठून आतल्या खोलीत गेल्या आणि बांगड्यांचे डबे एकावर एक रचत बसल्या. आधीच रचलेले होते ते. उतरवून पुन्हा रचले.

दरम्यान कुणीतरी सांगितलं म्हणून बंकटला बोलावलं. बंकट आमच्या चौकात मोबाईल दुरुस्त करतो, सरकारी दाखलेही काढून देतो. हुशार माणूस आहे. त्यानं लॅपटॉप उघडला, सेटिंगवर गेला, खिडकी अडकली, त्यानं दोन-चार बटणं एकदम दाबून पाहिली. मग मान हलवून म्हणाला, "काकू, हे विंडोज न्हाई. ह्यातलं मला कळत न्हाई. फॉरमॅट मारतो म्हणलात तर मारतो, सगळं साफ होईल." काकूंनी त्याचा शब्द पुरा व्हायच्या आत लॅपटॉप ओढून घेतला आणि छातीशी धरला. बंकटला वाईट वाटलं. चहा न घेताच तो गेला.

मग काकूंनी, लॅपटॉप बिघडल्यापासून जवळ ठेवलेल्या लिहायच्या पाटीवर लिहिलं, पाटोद्याला चला.

डॉक्टरांनी धुळीत फिरू नका म्हणून सांगितलेलं. गळ्याला ओला रुमाल बांधून, लॅपटॉप पिशवीत घेऊन त्या निघाल्या. तलवाड्याहून गेवराई, गेवराईहून बीड, बीडहून पाटोद्याची गाडी. बीडच्या स्टँडवर अप्पांनी रसवंतीत रस घेतला, काकूंनी घेतला नाही. वाटेत त्यांनी एकदाच काहीतरी लिहिलं. आई हात लावू देईल का.

आईनं हात लावू दिला. छबुबाई बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. काकूंनी जाऊन तिचा हात धरला. म्हातारीनं आधी तो झटकला. मग परत धरला. मनगट चाचपलं, कोपर चाचपलं, लहानपणी जात्यावर लागून राहिलेला हनुवटीचा वण शोधला. तो सापडल्यावर तिची बोटं गळ्याकडं गेली आणि रुमालाखालच्या त्या भोकाशी येऊन थांबली. तिथून ऊन श्वास येत होता. शिवकन्या सांगते, आत्यांनी बोट तिथंच ठेवलं होतं, किती तरी वेळ.

"हायस तू," म्हातारी म्हणाली. "मग बोल की गं माय."

काकूंचे ओठ हलले. म्हातारीला ते दिसणार नव्हतं. काकूंनी आईचा हात आपल्या ओठांवर ठेवला आणि परत काहीतरी म्हणाल्या. म्हातारीनं हात तसाच ठेवला, पण तिला त्यातलं काही कळलं नाही. त्या रात्री ती जेवली मात्र. काकूंच्या हातून जेवली.

शनिवारी अमरनाथ पुण्याहून जामखेडमार्गे पाटोद्याला आला. आल्या आल्या पायसुद्धा न धुता लॅपटॉप घेऊन बसला. आज्जी बाजेवर, तिच्याशेजारी काकू, खाली चटईवर तो. पोराला आपल्या कामातलं सगळं येतं, कंपनीत त्याला मानतात. त्यानं काळी खिडकी उघडून सेटिंग तिथूनच चालू केलं, म्हणजे ते अडकताना काय पुटपुटतंय ते वाचता येईल. ते काहीच पुटपुटलं नाही, नुसतं थांबून राहिलं. आवाजाचा भाग त्यानं बंद करून चालू केला. डिस्क भरलीये का बघितली, भरली नव्हती. अपडेट मागं घ्यायचा प्रयत्न केला, ते मागं गेलं नाही. चहा निवून गेला. शिवकन्येनं दुसरा आणून ठेवला, तोही निवला. शेवटी त्याला वाटलं की सेटिंगनं जे काही लक्षात ठेवलंय त्यातच काहीतरी सडलंय. ते सगळं पुसून मूळचं करून टाकावं, नव्या लॅपटॉपसारखं.

त्यानं तसं केलं. सेटिंग उघडलं. आवाजाचं पान उघडलं, भरलं, हललं. आवाज कुठून बाहेर पडायला हवा ते त्यानं निवडलं, आणि लॅपटॉपमधून टणटण असा चाचणीचा आवाज आला. शिवकन्या म्हणते, त्या पोराच्या तोंडावर मी इतका आनंद कधी बघितला नव्हता. त्यानं लॅपटॉप आईच्या मांडीवर ठेवला. काकूंनी लिहिलं, एंटर दाबलं.

पुरुषाचा जाड आवाज आला. "आई, मी नीला."

म्हातारीनं काकूंच्या हातातून आपला हात काढून घेतला.

अमरनाथला कळायला क्षणभर लागला. आईचा आवाज ठरवणाऱ्या त्या दोन पट्ट्या कुठं थांबवल्या होत्या हे त्याच्या प्रोग्रॅमनं त्याच जागी लक्षात ठेवलं होतं, जिथलं सगळं त्यानं आत्ताच पुसलं होतं. दुसरीकडं कुठं त्याची नोंद नव्हती. ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण ते आकड्यांवर ठरलंच नव्हतं. काकूंनी हातावर हात ठेवला होता, एवढंच.

मग तो पुन्हा त्या पट्ट्या सरकवत बसला. बाईचा आवाज निवडला, बारीक केला, वेग वाढवला, कमी केला. दर वेळी काकू तेच लिहायच्या आणि लॅपटॉप म्हणायचा, आई, मी नीला. आई, मी नीला. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. तिला आता सगळं समजलं होतं, मशीन काय, नीला काय. ती रागावलेली नव्हती. मन लावून मदत करत होती.

"न्हाई," ती म्हणायची. "ही न्हाई." मग, "ही पण न्हाई रे बाळा." एकदा तिनं एकदम मान वर केली. "हां. जवळ आली." अमरनाथनं पट्टी केसभर हलवली. "गेली," म्हातारी म्हणाली.

त्यानं पट्टी मागं घेतली. पण आधी कुठं होती ते नेमकं सापडेना. काकूंना विचारलं, आई, तू सांग, कोणता? काकूंनी कान देऊन ऐकलं. मान हलवली. परत ऐकलं. त्यांनाही आठवत नव्हतं. स्वतःचा मूळचा आवाज तर दोन वर्षांपूर्वीच गेला होता, आणि या दुसऱ्या आवाजाला त्यांनी कधी बाहेरून ऐकलंच नव्हतं, त्या फक्त बोलत होत्या. त्यांनी पोराच्या हातावर हात ठेवला. त्याला वाटलं, सापडला. पण काकू लॅपटॉप मिटत होत्या.

म्हातारी म्हणाली, "ही बाई चांगली बोलती. दुकानात ठेवा तिला."

अमरनाथ दुसऱ्या दिवशी परत गेला. जाताना त्यानं आज्जीच्या पाया पडून सांगितलं की मी अजून प्रयत्न करतो. फोनवर झालेलं बोलणं कुठं साठवलेलं असतं का याचीही त्यानं चौकशी केली. बटणाच्या फोनमध्ये काही साठत नाही. काकूंचा आवाज कुणी मुद्दाम टिपून ठेवला नव्हता. रोजच तर ऐकू यायचा.

काकू पाटोद्याला चार-आठ दिवस राहून परत आल्या. लॅपटॉप आता दुकानात बोलतो, जो आवाज त्या दिवशी शेवटी राहिला त्याच आवाजात. गिऱ्हाइकांना काही फरक पडला नाही. आम्हाला घरात भिंतीपलीकडून ऐकू येतो, पण माझ्या बायकोला अजून दर वेळी वाटतं की दुकानात कुणी पाहुणी आलीये.

संध्याकाळचा फोन मात्र चालू आहे, त्याची तऱ्हा बदलली. आता लॅपटॉप त्यात नसतो. म्हातारी एकटीच बोलते आणि काकू फोनवर नखानं टकटक करतात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. हे छबुबाईनंच काढलं. जेवलीस का, टक. पंचाक्षरी बरे हायत का, टक. पण काय केलं होतं जेवायला, हे टकटक करून सांगता येत नाही. मग म्हातारी अंदाज करते. पिठलं? टकटक. वांगं? टकटक. आमटी? टक. कशाची, तुरीची का मुगाची? असं बराच वेळ चालतं. शिवकन्या म्हणते, आत्यांना त्यात मजा वाटायला लागलीये. काकूंचा चेहरा मी दुकानाच्या पायरीवरून बघितला आहे. मजा वाटत असल्यासारखा तो दिसत नाही.

परवा मी अप्पांना त्याबद्दल विचारलं. अप्पा पायरीवर बसून राजगिऱ्याचे लाडू पिशवीत भरत होते. म्हणाले, "तिला आईला कायतरी सांगायचंय. कवापासून. पण आई ते विचारतच न्हाई. भाजी विचारती, पाऊसपाणी विचारती, माझं विचारती."

मी म्हणालो, पाटीवर लिहून घ्या ना, तुम्ही फोनवर वाचून दाखवा.

"म्हणलो की. पाटी दिली तिच्या हातात." अप्पांनी पिशवीला गाठ मारली. "तिनं लिहिलं, तुमाला न्हाई, आईला. आन पुसून टाकलं."

आत काकू फोन स्पीकरवर टाकून बसल्या होत्या. पलीकडून म्हातारी विचारत होती, तूर निवडून झाली का. काकूंनी एकदा टक केलं. मग म्हातारीनं विचारलं, खडे लई निघाले का.